कंबर कसणाऱ्या बायांची गोष्ट



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते झाले, वहीवर सह्या झाल्या. उठायची वेळ आली तेव्हा एक वैनी आधी गुडघ्यावर आल्या, मग भिंतीला हात लावला आणि मग हळूहळू सरळ झाल्या. मी विचारलं, "काय झालं हो?" म्हणाल्या, "काय व्हायचंय? कंबरदुखी बाईच्या पाचवीलाच पुजलेली." सगळ्या हसल्या.

घरी येऊन मी गटाची कर्जवही उघडली. कर्ज कशासाठी घेतलं, ते आपण लिहून ठेवतो. बी-बियाणं, शेळी, शिलाई मशीन, मुलाची फी. आणि मधूनमधून एकच शब्द, औषधपाणी. आमचा गट लहान, त्यामुळे कुणाचं काय ते ठाऊक असतं. त्यातली बरीच औषधपाणी कंबरेची होती. कुणी इंजेक्शनं घेतली होती, कुणी पट्टा आणला होता, कुणी तालुक्याला जाऊन फोटो काढला होता. दोन टक्के व्याजानं आपण आपलीच कंबर फेडत होतो.

माझं माहेर मुंबईचं, लालबागचं. लग्न होऊन सातारा जिल्ह्यात आले आणि गटांचं काम करू लागले. पण कंबरेचा विषय निघाला की मला माहेरची चाळ आठवते. आज मी तुम्हाला गिरगाव, लालबाग, परळ, दादर या चार ठिकाणांची गोष्ट सांगणार आहे. बायांची कंबर कशानं मोडली आणि ती सांभाळायची विद्या कुठून कुठवर आली, त्याची ही गोष्ट आहे. ती आपल्या परकी नाही. साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस त्या गिरण्यांत राबलेला आहे.

गिरणगावातल्या बाया

मुंबईत पहिली सूतगिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. १८५४ मध्ये कंपनी निघाली आणि १८५६ मध्ये गिरणी चालू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा धुराड्यांनी भरला आणि त्याचं नावच गिरणगाव पडलं. गिरणीत बाप्येच होते असं नाही. बायाही होत्या, मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत. सूत गुंडाळायचं, तुटलं की जोडायचं, पुन्हा गुंडाळायचं. सगळं उभ्यानं किंवा वाकून. १८९१ च्या कायद्यानं बायांचे तास ११ वर आणले. ही सवलत होती, यावरून आधी काय असेल ते ओळखा. १९३४ च्या कायद्यानं ते १० झाले.

गिरणीतून सुटली की बाई चाळीत यायची. दहा बाय दहाची खोली आणि खालच्या नळावरून वर आणायचं पाणी. कपडे, भांडी, स्वयंपाक सगळं जमिनीवर बसून. कायद्यानं गिरणीचे तास मोजले, घरातले कुणी मोजले नाहीत.

माझी आजी गिरणीत नव्हती. ती खाणावळ चालवायची. गावाहून आलेले पुरुष बैठकीच्या खोलीत दाटीवाटीनं राहायचे. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच जागेवर आडवा. त्यांना घरचं जेवण हवं असायचं. आजी पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायला बसायची. परातीपुढे वाकून पीठ मळायचं, चुलीपुढे वाकून भाजायचं, पाट्यावर वाकून वाटायचं. दुपारच्या पाळीचे जेवले की रात्रपाळीचे. मला आठवते ती आजी म्हातारी आणि पोक आलेली. चालताना तिची नजर जमिनीवर असायची. आम्ही पोरं विचारायचो, "आजी, तुझं काय हरवलंय?" आता ते आठवलं की वाईट वाटतं.

तिला कधी उसण भरली की चाळीतल्या एका पायाळू माणसाला बोलवायचे. तुमच्याकडेही हे असेलच. पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते, असं म्हणतात. दोन-चार दिवसांनी ती जायचीही. साधी उसण बऱ्याचदा आपोआपच उतरते, श्रेय मात्र पायाला मिळायचं. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा भरायची, कारण काम तेच असायचं.

गटानं काय मिळवलं

या पट्ट्यातल्या बाया नुसत्या सोसत राहिल्या नाहीत. १५ मार्च १९५९ ला गिरगावात लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात जणी पापड लाटायला बसल्या. ८० रुपये उसने घेतले होते. त्यातून लिज्जत पापड उभा राहिला आणि हजारो बायांना घरबसल्या काम मिळालं. पुढे १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. तोवर या बाया सावकाराकडून, वाण्याकडून पैसा उचलायच्या. एकटीला बँकेनं दारात उभं केलं नसतं. गटाला कर्ज मिळालं. आपले बचत गट निघायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

पैशाचा प्रश्न अशा रीतीनं गटानं सोडवता येतो, हे या बायांनी दाखवलं. पण पापड लाटणारी खाली मान घालून तासन् तास बसते आणि खाणावळवाली चुलीपुढे वाकते. कमाई हातात आली तरी कंबर तिचीच राहिली. तिचं काय करायचं, याची विद्या त्याच मुंबईत तयार होत होती. ती या बायांपर्यंत पोहोचायला मात्र फार वर्षं गेली.

तालमीपासून चौपाटीपर्यंत

त्या काळी व्यायाम म्हणजे तालीम. दंड, बैठका, जोर, कुस्ती, मल्लखांब. दादरला समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मध्ये सुरू झालं आणि आजही शिवाजी पार्कवर त्याचं नाव आहे. गिरणगावात गल्लोगल्ली व्यायामशाळा होत्या. पण खाणावळवाल्या बाईनं तिथं जाऊन दंड मारावेत, असं कुणाच्या मनातही येत नसे. शिवाय दुखत्या कंबरेला दंड-बैठका हा उपाय नव्हे.

सौम्य व्यायामाचा रस्ता वेगळ्या माणसांनी दाखवला. त्यांतले एक स्वामी कुवलयानंद. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात ते तयार झाले आणि खानदेशात अमळनेरला त्यांनी शिक्षकी केली. आसनांनी शरीरात नेमकं काय होतं, हे श्रद्धेवर न सोडता तपासून पाहायचं, असं त्यांनी ठरवलं. एक्स-रे काढले, रक्तदाब मोजला. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून आपले प्रयोग छापायला सुरुवात केली. १९३२ मध्ये मुंबईत शाखा निघाली. ती पुढे गिरगाव चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हवर आली आणि आजही तिथंच आहे. आलेल्या माणसाचं वय, ताकद आणि दुखणं पाहून त्याला झेपेल तेवढंच द्यायचं, हा तिथला विचार. तालमीत जास्त करील तो मोठा, इथं मात्र आपल्याला झेपेल तेवढं करील तो शहाणा. हा फरक छोटा वाटतो, पण आपल्यासारख्यांना त्यानंच दार उघडलं.

त्याच मुंबईत, वेसाव्याला, श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये योग संस्था सुरू केली होती. त्यांच्या पत्नी सीतादेवी योगेंद्र यांनी १९३४ मध्ये खास बायांसाठी योगव्यायामाचं पुस्तक लिहिलं. घरसंसार करणाऱ्या बाईनं योग करावा, हे नव्वद वर्षांपूर्वी एका बाईनं छापून सांगितलं. आपल्या साताऱ्याकडे औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार चालू केले, तेही त्याच सुमारास.

परळचा दवाखाना

दुसरा धागा परळचा. गिरण्यांच्या मधोमध १९२६ मध्ये केईएम रुग्णालय उघडलं. भारतीय डॉक्टरांनीच चालवायचं, या हट्टानं ते उभं राहिलं होतं. गिरणगावातला माणूस पडला, कापला, भाजला की केईएमला.

१९५० च्या आगेमागे मुंबईत पोलिओची साथ आली. मुलं वाचली, पण हातपाय लुळे पडले. त्यांना गोळी देऊन भागणार नव्हतं. एकेका स्नायूला पुन्हा काम शिकवायचं होतं, तेही महिनोन्महिने. म्हणून मुंबई महापालिका, सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून १९५२-५३ च्या सुमारास केईएममध्ये फिजिओथेरपीची शाळा काढली. ती देशातली पहिली. व्यायाम हेच औषध असतं आणि तेही मोजून द्यायचं असतं, हे शिकलेल्या माणसांची पिढी आपल्याकडे परळमध्ये तयार झाली. लुळ्या पायांसाठी आलेली ही विद्या मग मोडलेल्या हाडांना, लकव्याला आणि हळूहळू दुखऱ्या कंबरेलाही लागू झाली.

पण डॉक्टरांचा साधारण सल्ला बरीच वर्षं वेगळाच होता. कंबर दुखते? पडून राहा. फळीवर झोपा. उठू नका.

माझ्या आईला हाच सल्ला मिळाला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप तसा कधी मिटलाच नाही. आमच्या घरची नोकरी त्यात गेली. माझा जन्म त्यानंतरचा. मी आईला पाहिलं ते पोळ्या लाटताना, दादरच्या एका पोळीभाजी केंद्रात, सकाळी सहापासून. मी शाळेत असताना एकदा पिठाचा डबा उचलताना तिच्या कंबरेत चमक भरली. एका डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवडे अंथरुणातून उठायचं नाही. आई तीन आठवडे झोपून राहिली. शेजारणींनी पाणी भरलं, मी वरण-भात शिकले. चौथ्या आठवड्यात आई उठली तर पाय लटपटायला लागले आणि कंबर आधीपेक्षा जास्त धरली. तिची जागा केंद्रात दुसऱ्या बाईला दिलेली होती.

जगानं सल्ला बदलला

आईची काही चूक नव्हती. डॉक्टरही शिकले होते तेच सांगत होते. पण तोवर जगात हा सल्ला मागे पडू लागला होता.

१९५६ मध्ये न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओकडे कंबर आणि पाय दुखणारा एक माणूस आला. तो चुकून डोक्याकडची बाजू उचललेल्या खाटेवर पालथा पडून राहिला, आणि थोड्या वेळानं म्हणाला, इतक्या दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं. मॅकेन्झींनी त्यावर पुढे सगळी पद्धत बसवली. ती अवस्था डोळ्यांपुढे आणून पाहा. आपल्या भुजंगासनाची धाकटी बहीणच ती. १९६९ मध्ये स्वीडनमध्ये पाठीची शाळा निघाली. पाठ कशी बनलेली आहे, वाकायचं कसं, उचलायचं कसं, हे दुखणाऱ्यांना एकत्र बसवून शिकवायचं.

१९८६ मध्ये अमेरिकेत दोन दिवस पडून राहणाऱ्यांची तुलना सात दिवस पडून राहणाऱ्यांशी केली. बरं व्हायला फरक पडला नाही, सातवाल्यांची कामावरची खाडं मात्र जास्त झाली. १९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरातल्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन भाग केले. ताजी उसण भरलेल्या या लोकांपैकी काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना व्यायाम दिला, काहींना सांगितलं की झेपेल तसं रोजचं करत राहा. सगळ्यांत लवकर सावरले ते तिसरे.

यातली एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. उसण ताजी असताना झोपूनही राहायचं नाही आणि व्यायामाचा हट्टही धरायचा नाही. हलतं-चालतं राहायचं, जड उचलणं तेवढं टाळायचं. व्यायामाची खरी जागा दोन ठिकाणी आहे. दुखणं जुनं झालं असेल तेव्हा, आणि उतरलेलं दुखणं पुन्हा येऊ नये म्हणून. २०१६ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. व्यायाम आणि त्यासोबत समजावून सांगणं, या जोडीनं कंबरदुखी टळायला चांगली मदत होते असं दिसलं. कंबरेच्या पट्ट्यानं ती टळते, असं दिसलं नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात ७०१ माणसांवर अभ्यास झाला. आठवड्यातून पाच दिवस, हळूहळू वाढवत अर्ध्या तासापर्यंत चालणाऱ्यांची कंबर पुन्हा दुखायला मध्यमानानं २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांची ११२ दिवसांत दुखली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०२० मध्ये जगात जवळपास ६२ कोटी माणसांना कंबरदुखी होती, आणि त्यांत बाया जास्त. या संघटनेनं २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी जी सूत्रं दिली, त्यांत व्यायाम आणि समजावणं आहे.

हे होतं कसं? आपल्या मणक्यांच्या मधे गाद्या असतात. मोठेपणी त्यांना स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. आपण हललो की त्या दबतात, सुटतात आणि त्यातून त्यांना पोषण मिळतं. पोटाचे आणि पाठीचे स्नायू हा कंबरेचा खरा पट्टा. बाळंतपणात पोटाचे स्नायू ताणले जातात आणि पुढे कुणी त्यांच्याकडे बघत नाही. सगळा भार मग पाठीवर येतो. काम आपण खूप करतो, पण एकाच बाजूनं, वाकूनच. खुरपणं, भात लावणं, धुणं, सारवणं. उलट बाजूला पाठ कधी जातच नाही. "कामात व्यायाम होतोच की," असं म्हणतात त्यांना हे सांगा.

चाळीतला वर्ग

आईची गोष्ट अर्धीच राहिली. चाळीतल्या एका काकींनी तिला परळच्या एका रुग्णालयात फिजिओकडे नेलं. त्या बाईंनी पाच-सहा हालचाली शिकवल्या आणि सांगितलं, रोज करा. आईनं चार दिवस केल्या. पाचव्या दिवशी बंद. का? खोलीत सतरंजी टाकून ती आडवी झाली की कुणी ना कुणी हाक मारायचं. दूध उतू चाललंय. पाणी आलंय. सासरे म्हणायचे, "दिवसाढवळ्या लोळतेस काय?" उपाय कळला होता, करायला जागा आणि वेळ नव्हता.

मग त्याच काकींनी मंडळाची खोली मागितली. गणपतीचं सामान ठेवायची ती खोली, वर्षभर तशी रिकामीच असायची. दुपारी तीनला, पाणी यायच्या आधी, सात-आठ जणी जमायच्या. आई शिकून आलेली, तीच सांगायची. पहिले दोन आठवडे हसण्यातच गेले. पण आता कुणी हाक मारली तर उत्तर होतं, "वर्गाला गेलीय." एकटी आडवी झालेली बाई आळशी ठरते, आठ जणी एकदम आडव्या झाल्या की त्याला वर्ग म्हणतात. आईची कंबर पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. तीन-चार महिन्यांनी ती पुन्हा पोळ्या लाटू लागली. आज साठी उलटली तरी ती सरळ चालते. आजीसारखं तिचं काही हरवलेलं नाही.

मला वाटतं, या सगळ्या इतिहासातला शेवटचा दुवा हाच आहे. विद्या तालमीतून निघाली, चौपाटीवर तपासली गेली, परळच्या दवाखान्यात मोजून द्यायला शिकली. पण बाईपर्यंत ती पोहोचते ते गटातून, कारण बाईला स्वतःसाठी अर्धा तास एकटीला मिळत नाही. कर्जाचं तसंच झालं होतं, व्यायामाचंही तसंच आहे.

आपल्या गटात कसं करायचं

बैठकीच्या आधी वीस मिनिटं. आठवड्यातून निदान दोनदा जमायचं, बाकी दिवशी घरी. पोट रिकामं किंवा हलकं, साडी खोचलेली किंवा सलवार, खाली सतरंजी. तालुक्याच्या किंवा ग्रामीण रुग्णालयात फिजिओ असतील तर पहिल्या वेळी त्यांना बोलवा. आरोग्यसेविकेला, आशाताईंनाही बसवून घ्या.

आधी पाच मिनिटं जागच्या जागी चालणं आणि खांदे फिरवणं. मग उताणं झोपून गुडघे दुमडा, पोट हलकेच आत घ्या आणि कंबरेची पोकळी जमिनीला टेकवा. पाच आकडे मोजा, सोडा. श्वास रोखू नका. मग एकेक गुडघा छातीशी. मग पाय रोवून कमरेखालचा भाग थोडा वर उचला, पूल करा आणि सावकाश खाली आणा. मग हात-गुडघ्यांवर या. मांजर पाठ कशी वर करते आणि कशी खाली सोडते, तसं करा. जमलं की उजवा हात आणि डावा पाय लांब करा, मग उलट. शेवटी पालथं झोपून कोपरांवर टेकून छाती उचला, तीच ती भुजंगाची धाकटी बहीण. प्रत्येक हालचाल पाच वेळा, आठ-पंधरा दिवसांनी दहा. गरोदर बाईनं पालथं आणि फार वेळ उताणं झोपायचं नाही, तिनं दवाखान्यात विचारूनच करावं. दुखत्या कंबरेनं सूर्यनमस्कारापासून सुरुवात करू नये, त्यातलं पुढे वाकणं सगळ्यांना सोसत नाही.

ओढ बसली तर चालेल. कळ पायात उतरू लागली तर ती हालचाल तिथंच सोडा.

शेतात अर्धा तास खुरपलं की उभं राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवा आणि हलकं मागे वाका. चार वेळा. घागर किंवा पाटी उचलताना ती अंगाजवळ घ्या आणि गुडघ्यातून उठा. यात पैसा लागत नाही.

आणि हे नीट ऐका. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातलं बळ कमी होत गेलं, तर वर्ग नको, त्याच दिवशी मोठा दवाखाना. कंबरदुखीसोबत ताप, वजन घटणं, रात्री झोपेतही न थांबणारी कळ, आधी टीबी किंवा कर्करोग झालेला असणं, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, वयस्कर बाईला एकदम आलेली जोराची कळ, या सगळ्यांत आधी डॉक्टर. बाकी बहुतेक कंबरदुखी यातली नसते. फोटोत "गादी सरकली" लिहून आलं तरी घाबरून जाऊ नका. काहीही न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या फोटोत वयामानानं तसं दिसतंच. कुठलं दिसणं महत्त्वाचं आणि कुठलं नाही, ते डॉक्टरांनाच विचारा.

अजून एक. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. पोटदुखी, कंबरदुखी, अंगावर जाणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायांच्या पिशव्या काढल्या गेल्या होत्या, कित्येक तर तरुण होत्या. नुसत्या कंबरदुखीसाठी कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर कर्ज काढायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी दवाखान्यात, दाखवा. आणि गटात सांगा. गप्प राहून एकटीनं निर्णय घेऊ नका.

आमच्या गटानं गेल्या बैठकीपासून वर्ग धरला आहे. भिंतीला धरून उठणाऱ्या त्या वैनी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "माझ्यानं नाही व्हायचं, मी नुसती बघते." पाच मिनिटांनी त्या सतरंजीवर होत्या. पूल करताना म्हणाल्या, "अगं, लग्नानंतर पहिल्यांदाच दिवसा आडवी झाले." पुन्हा सगळ्या हसल्या. या वेळी मीही हसले.

तुमच्या गटाच्या वहीत बचत, हप्ता आणि हजेरी असे रकाने असतील. त्यात व्यायामाचा एक रकाना वाढवा. सहा महिन्यांनी तो रकाना आणि औषधपाण्याचं कर्ज शेजारी शेजारी ठेवून पाहा, आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.